आक्षेपकाकांचा उमेदवार

आक्षेपकाकांना 'हो' म्हणता येत नसे. चहा हवा का विचारलं तर म्हणायचे, "नको असं नाही." आज थंडी फार आहे म्हटलं तर लगेच, "फार म्हणजे कशाच्या मानाने?" अमेरिकेत ॲन आर्बरला जानेवारीत दाराबाहेर पाऊल टाकलं की नाकातला श्वास गोठतो. त्या हवेतसुद्धा त्यांना तुलनेसाठी आणखी एखादं गाव लागायचं. त्यांचं खरं नाव वसंत, पण इथल्या मराठी मंडळींत त्या नावाने त्यांना कुणी ओळखत नसे. समोरचा काही बोलला रे बोलला की उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "माझा एक आक्षेप आहे." तो कधी एकावर थांबल्याचं मला आठवत नाही.

मी अमरावतीची. इथे पीएचडीला आले तेव्हा त्यांच्या तळघरातली खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्या दिवशी माझ्या बॅगा अजून दारातच होत्या, सुमतीकाकू पाणी आणायला आत गेल्या होत्या, आणि काकांनी मला विचारलं, "तू कुणाच्या बाजूची?" मला वाटलं, राजकारण. नव्या घरात पहिल्याच दिवशी घरमालकाशी बिनसायला नको म्हणून मी म्हटलं, "मी कुणाच्याच बाजूची नाही, काका." त्यांचा चेहरा पडला. "असं कसं? इतकी शिकलेली मुलगी आणि उमेदवार नाही?"

उमेदवार म्हणजे फुटबॉलचा. इथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दर डिसेंबरात देशातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला एक मानाची ट्रॉफी देतात. हा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू बगलेत मारून समोरच्यांच्या अंगावर धावून जायचं, असा हा मामला. ट्रॉफीसाठी मतं देतात ते क्रीडापत्रकार आणि ती आधी मिळालेले जुने खेळाडू. काकांना अर्थातच मत नव्हतं. गाड्यांच्या गिअरबॉक्सची तपासणी करत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या कऱ्हाडच्या माणसाला कोण मत विचारतो! पण ऑगस्ट संपला की ते असे वागायचे, जणू निकाल त्यांच्या सहीवाचून अडून राहिलाय.

ही ट्रॉफी बहुतेक वेळा क्वार्टरबॅकला मिळते. क्वार्टरबॅक म्हणजे मागे उभा राहून चेंडू फेकणारा. त्याला कुणी हात लावू नये म्हणून पुढे पाच धिप्पाड पोरं अंगावर मार घेत उभी असतात. जाहिरातीत हा, पोस्टरवर हा, आणि मॅच संपल्यावर माइकसमोरही हाच. काका त्याला 'जावईबापू' म्हणायचे. टीव्हीवर कुणी त्याला धक्का दिला की टाळी वाजवून म्हणायचे, "बघ, जावईबापूंना लागलं. आता सगळं घर धावेल." आणि खरोखरच सगळी टीम धावत जाऊन त्याला हात देऊन उठवायची. काकांच्या तोंडून ते ऐकल्यापासून मला क्वार्टरबॅक दिसला की पाटावर बसून मानपानाची वाट बघणारा कुणीतरी दिसतो.

त्यांचा स्वतःचा उमेदवार दर वर्षी वेगळा आणि दर वर्षी पडणारा. एका साली त्यांनी सेंटरचा झेंडा धरला होता, म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणाऱ्याचा. "तो चेंडू देतो तेव्हा खेळ सुरू होतो. बाकीच्यांचं कौतुक त्यानंतरचं." दुसऱ्या साली कुठल्याशा कॉर्नरबॅकचा, म्हणजे कडेला राहून समोरच्यांनी फेकलेला चेंडू अडवणाऱ्याचा. त्या मुलाच्या बाजूला समोरचे चेंडू फेकतच नसत, म्हणून त्याच्या नावावर आकडेच नव्हते. काकांना तर तोच पुरावा वाटे. "ज्याच्या वाटेला कुणी जात नाही त्याचे आकडे कुठून येणार?" मॅच बघताना ते टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे. का, असं विचारल्यावर म्हणाले, "दोन कॉमेंटेटर असतात आणि दोघं एकमेकांना हो हो करतात. ते काय ऐकायचं?"

दिवाळीच्या पार्टीत मी त्यांचा एक सामना पाहिला. समोर मंदार होता, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, नवाच आलेला. त्या बिचाऱ्याने सहज म्हटलं, "यंदा काय, तो सदर्न टीमचा क्वार्टरबॅकच घेऊन जाणार. टचडाउन बघा ना काका, किती मारलेत!"

बोट वर झालंच. "माझा एक आक्षेप आहे. कुणाविरुद्ध मारलेत? सप्टेंबरात मार खायलाच बोलावलेल्या टीम असतात, त्यांच्याविरुद्ध?"

"पण काका, टीम एकही मॅच हरली नाही त्याची."

"मग टीमला ट्रॉफी द्या. ही कुणासाठी आहे? उत्तम खेळाडूसाठी, की उत्तम टीममध्ये उभा असलेल्या खेळाडूसाठी?"

"अहो पण टीम हरत असेल तर प्लेयर ग्रेट कसा म्हणणार?"

"म्हणजे बुडत्या बोटीवर चांगला खलाशी असूच शकत नाही?"

मंदारच्या बायकोने मध्ये ताट घातलं. "काका, करंजी घ्या ना." काकांनी करंजी घेतली आणि तिच्यातल्या सारणाच्या प्रमाणावर बोलायला लागले. ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "यांना कोण बोलावतं गं?" पुढच्या वर्षी खरंच कुणी बोलावलं नाही. काकूंना एकटीला बोलावता येत नाही म्हणून त्याही घरी राहिल्या. माझा त्या लोकांवर राग आहे, आणि काकांवरही आहे. जरा गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं.

वाद घालायला माणूस उरला तो एकच. निखिल, त्यांचा मुलगा.

निखिल इथेच जन्मला, इथेच वाढला. आता ॲरिझोनात चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी राहायला आले त्याच्या आधीच त्याचा घटस्फोट झालेला होता. ती बातमी त्याने घरी सांगितली तेव्हा काका फोनवर म्हणाले होते, "तुला एक घर सांभाळता आलं नाही?" हे मला काकूंनी सांगितलं, भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. निखिलने फोन ठेवला आणि त्यानंतर तो घरी आला नाही. दिवाळीला नाही, ख्रिसमसला नाही. आईला फोन करायचा. बाबा शेजारी आहेत असं कळलं की त्याला हटकून मीटिंग आठवायची.

मग एका डिसेंबरात, ट्रॉफीचा निकाल लागला त्या दिवशी, काकांच्या फोनवर त्याचा मेसेज आला, "क्वार्टरबॅकलाच मिळाली. टोल्ड यू." तो त्याने घटस्फोटाच्या आधी कधीतरी घातलेला वाद होता, अर्धवट राहिलेला. काकांनी मेसेज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि सरळ फोन लावला. "माझा एक आक्षेप आहे," म्हणाले. काकू सांगतात, त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहिली, कारण त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. पोरगा चक्क बोलत होता.

तेव्हापासून फुटबॉलच्या मोसमात दर शनिवारी मॅच संपली की फोन. स्टेडियम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शनिवारी सकाळपासून शेजाऱ्यांच्या हिरवळीवर गाड्या लागायच्या, बँड वाजायचे, निळे-पिवळे स्वेटर घातलेली माणसं रस्त्याने ओरडत जायची. काका एके काळी दर मॅचला जायचे. गुडघे गेले तसे घरूनच बघायला लागले. मॅच संपून ती गर्दी परत फिरली की ते बैठकीतल्या खुर्चीत सरसावून बसत, फोन स्पीकरवर टाकत आणि तासभर बापलेक एकमेकांना सोलून काढत. "बाबा, यू आर इम्पॉसिबल!" असं निखिल ओरडायचा. काका म्हणायचे, "मुद्द्याचं बोल!" नोकरी, पगार, दुसरं लग्न, ह्यातलं काहीही निघालं तर दोन वाक्यांत फोन बंद व्हायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. ट्रॉफीवरून मात्र कितीही आवाज चढला तरी कुणी फोन आपटत नसे. शेवटी निखिल म्हणायचा, "ओके, नेक्स्ट वीक," आणि काका म्हणायचे, "तयारी करून ये."

गेल्या मोसमात काकांचा उमेदवार होता एक पंटर. हे म्हणजे फारच झालं. तीन प्रयत्न करूनही टीमला चेंडू पुढे नेता आला नाही की नाइलाजाने मैदानात बोलावतात तो पंटर. त्याने एक लाथ मारून चेंडू शत्रूला जमेल तितका लांब देऊन टाकायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचं. त्याला आजवर कुणी ट्रॉफी दिली नाही आणि कुणी देणारही नाही. पण एका पावसाळी मॅचमध्ये काकांनी त्या मुलाला पाहिलं. टीमचं काहीच चालत नव्हतं, जावईबापू चिखलात लोळत होते, आणि हा पोरगा पुन्हा पुन्हा येऊन चेंडू असा मारत होता की तो समोरच्यांच्या अगदी दारात जाऊन थांबत होता. त्यांना तिथून बाहेरच पडता आलं नाही. मॅच कशीबशी जिंकली, आणि टीव्हीवर मुलाखत झाली क्वार्टरबॅकची.

त्या शनिवारी निखिल फोनवर हसायलाच लागला. "बाबा, पंटर? सिरियसली? पंटर जितका बिझी तितकी टीम वाईट. हा काय फेल्युअरसाठी अवॉर्ड आहे का?"

काका मग म्हणाले, "सगळं फसल्यावर पुढे काय करायचं, हे ज्याला कळतं त्याच्यासाठी आहे. फसतं रे. सगळ्यांचं फसतं. त्याच्यात त्या पोराचा काय दोष?"

मी सोफ्यावर माझे पेपर घेऊन बसले होते. मान वर करायचं धाडस झालं नाही. मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं की काका माफी मागत होते. त्यांना सरळ मागता आली नसती. निखिलला ते कळलं की नाही हे मला सांगता येणार नाही, पण जरा वेळाने तो अगदी हळू म्हणाला, "स्टिल. नोबडी विल व्होट फॉर हिम." काका म्हणाले, "मी देईन." "यू डोन्ट हॅव अ व्होट, बाबा." "नसू दे."

सप्टेंबर संपता संपता काकांच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि तोही पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी फार आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, वर्ष संपेपर्यंत. गाडीत बसल्यावर काका पहिलं वाक्य बोलले ते हे, "निखिलला सांगायचं नाही." काकूंनी हात जोडले, त्या रडल्या, विनवण्या केल्या. ते ढिम्म हलले नाहीत. "पोटाचं काहीतरी आहे, ट्रीटमेंट चालू आहे, एवढंच सांग. मरतोय म्हणून दया येऊन तो यायला नको मला." त्यांनी काकूंना स्वतःची शपथ घातली. काकू शपथ मानणाऱ्या. मला त्यांनी शपथ घातली नाही, पण काकूंनी माझा हात धरून ठेवला होता आणि मीही गप्प राहिले.

आणि मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी निखिल वैतागून म्हणाला, "बाबा, यू नो व्हॉट? मी येतो. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला येतो. त्या क्वार्टरबॅकचा प्रत्येक थ्रो क्लिप करून आणतो आणि तुम्हाला समोर बसवून दाखवतो."

काका म्हणाले, "आण. मी पण बघतो तुझ्याकडे काय आहे ते."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून बसले. काकू आत देवापाशी जाऊन रडल्या. इतक्या वर्षांनी पोरगा घरी येणार होता, आणि तेही कुणी न बोलावता. त्या दिवसापासून काकांना जेवण जायला लागलं. केमो झाल्यावर माणूस उशीवरून डोकं उचलत नाही, हे मला वरून हाक मारायचे, "अगं, तो तिसऱ्या मॅचमधला शेवटचा पंट कंप्युटरवर शोधून दे." मी शोधून द्यायची. ते चष्मा लावून बघायचे, मागे घ्यायचे, पुन्हा बघायचे. निखिलच्या खोलीतला पलंग काकूंनी दोनदा झाडला, नवी चादर आणली. काकांनी त्यावरही आक्षेप घेतला, रंग भडक आहे म्हणून.

आता काकूंचं सांगायला हवं. त्या संगमनेरच्या. आवाज चढलेला त्यांना सहन होत नसे; शनिवारचे फोन सुरू झाले की त्या आनंदाने ऐकायच्या आणि त्याच वेळी पदर मुठीत घट्ट धरून उभ्या असायच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "आमच्या माहेरी अप्पा आणि दादा असेच वाद घालायचे. रोज. आम्हाला वाटायचं, चालायचंच. एक दिवस दादा भरल्या ताटावरून उठला तो गेला. अप्पांच्या तेराव्यालाही आला नाही." काकूंनी वाद एवढाच पाहिला होता. घरात वाद असला की शेवटी एक माणूस कायमचा जातो, ह्याची त्यांना खात्री होती. आणि आता पोरगा येणार होता, बापाच्या हातात दिवस उरले नव्हते, अशात दोघांचं पुन्हा काही बिनसलं तर? त्या रात्र रात्र झोपत नव्हत्या.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात निखिलशी फोनवर बोलत होत्या. मी तिथेच पोळी खात होते. त्या म्हणाल्या, "निखिल, आज माझं ऐकशील? आज बाबांशी भांडू नकोस. त्यांचंच खरं म्हण. त्यांना बरं नाहीये रे. एकदा त्यांना जिंकू दे." तिकडून निखिल काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. काकूंचा चेहरा मात्र उजळला. "माझं बाळ ते," म्हणाल्या.

दुपारी मॅच संपली. बाहेर गर्दी परतत होती. काकांना धरून खुर्चीत बसवलं, पायांवर रग टाकली. फोन स्पीकरवर लागला.

काका म्हणाले, "निखिल, मी विचार केला. तुझंच बरोबर आहे. क्वार्टरबॅकलाच द्यायला पाहिजे."

मी दचकून काकूंकडे पाहिलं. त्यांनी खाली मान घातली, आणि मला उमगलं की त्यांनी तीच विनवणी आत जाऊन काकांनाही केली होती.

निखिल म्हणाला, "नो नो, बाबा, ॲक्चुअली... मी टेप परत पाहिला. यू वेअर राइट. तुमचा पंटरच बेस्ट आहे."

"नाही रे. पंटरचं काय एवढं. तुझंच खरं."

"नो, रियली. तुमचंच."

परक्या घरी पाहुणे दारात थांबून एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात, तसं चाललं होतं. मग दोघंही थांबले. मी त्या घरात पुष्कळ आरडाओरडा ऐकलाय, पण तिथल्या शांततेची भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

"औषधं घेताय ना?" निखिलने विचारलं.

"घेतो."

"गुड."

"तुझं कसं चाललंय?"

"फाइन. कामाचं प्रेशर आहे थोडं." मग तो अडखळत म्हणाला, "बाबा, त्या क्लिप्स... आता काय, मान्यच केलंत तुम्ही."

"हो. आता कशाला त्या."

"आय मीन, मी येऊ शकतो. पण प्लांटमध्ये खरंच क्रेझी आहे सध्या. मेबी ख्रिसमसला येतो? नीट सुट्टी काढून."

मला वाटलं, आता बोट वर होईल. रगखाली काकांचा हात हललाही. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. काका काकूंकडे बघत म्हणाले, "ये की. सावकाश ये. उगाच दगदग नको."

फोन संपला तेव्हा बाहेरचा बँड अजून वाजतच होता. काकूंच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, कारण भांडण झालं नव्हतं. ते हसू जाताना मी पाहिलं, आणि देवाने मला ते पाहायला तिथे बसवायला नको होतं. "तो येणार नाही?" त्यांनी मला विचारलं. काकांना विचारलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी फोन आला नाही. बोलायला विषयच उरला नव्हता. थँक्सगिव्हिंगला काकूंनी श्रीखंड केलं. ते तसंच फ्रिजमध्ये राहिलं. काकांनी टीव्ही लावायला सांगणं बंद केलं. मी मुद्दाम म्हटलं, "काका, मला वाटतं यंदा जावईबापूच योग्य आहेत." मला वाटलं होतं, चिडतील, दोन शिव्या घालतील. ते म्हणाले, "असतील." त्या रात्री मी तळघरात तोंडावर उशी दाबून रडले.

नर्स घरी यायला लागली तेव्हा काकूंनी शपथ मोडली. निखिल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या विमानाने निघाला आणि संध्याकाळी दारात उभा राहिला, पाठीवर लॅपटॉपची बॅग, अंगात ॲरिझोनाचं पातळ जाकीट. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. तो अगदी काकांसारखा दिसतो. तसाच कपाळावर आठी घालून उभा राहतो.

काका शुद्धीत होते, त्यांनी त्याला ओळखलंही. निखिल पलंगाशेजारी बसला. त्याने लॅपटॉप उघडला, क्लिप लावली, बापाच्या डोळ्यांसमोर धरली. "बाबा, लुक. बघा हा थ्रो. पंटर असं करू शकतो? पंटर कान्ट विन. आय लाइड टू यू. तुमचा कँडिडेट टोटली युजलेस आहे, बाबा. से समथिंग."

काकांनी पाहिलं. हसले थोडंसं. "हो रे," म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

निखिलने पुन्हा लावली, पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच. ते दमले होते, की त्यांना त्याला खूश करायचं होतं, की वाद घालणारा तो माणूस आधीच निघून गेला होता, कोण सांगणार? नंतरचे दोन-तीन दिवस ते सगळ्यांनाच हो म्हणत गेले. नर्सने कूस बदलू का विचारलं, हो. काकूंनी देवाचं तीर्थ देऊ का विचारलं, हो. आम्ही ज्यांना आक्षेपकाका म्हणायचो ते एका बुधवारी पहाटे, कुणाच्याही कशालाही हरकत न घेता गेले.

त्या शनिवारी ट्रॉफी दिली गेली. घरात कुणी टीव्ही लावला नाही. मंदारने मला मेसेज करून कळवलं की क्वार्टरबॅकला मिळाली, आणि खाली लिहिलं की काकांची फार आठवण आली. मी उत्तर दिलं नाही. निखिल क्रियाकर्म आटोपून गेला. जाताना आईच्या पाया पडला, तिला मिठीत धरून बराच वेळ उभा राहिला. तिने त्याला दोष दिला नाही, त्याने तिला दिला नाही. त्या घरात आता कुणी कुणाला काहीच म्हणत नाही.

मी अजून तिथेच राहते. माझा प्रबंध रेंगाळलाय आणि काकूंना एकटं टाकून जाववत नाही. ऑगस्ट संपला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तो खेळ कधी सुरू होतो गं?" मी टीव्ही लावून दिला. त्या आवाज बंद करून काकांच्या खुर्चीत बसल्या. चेंडू कुठे आहे हेसुद्धा त्यांना दिसत नव्हतं. पण दर शनिवारी बसत गेल्या, मला विचारत गेल्या, हा कोण, तो का पडला, ह्याला शिक्षा का झाली. त्यांना निखिल हळूहळू हातातून निसटताना दिसतोय. तो दर रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, बर्फ पडला का विचारतो, आणि ठेवून देतो. तो चांगलंच बोलतो. काकूंना आता ह्या चांगल्या बोलण्याचाच धसका बसलाय.

परवाच्या शनिवारी मॅच संपल्यावर त्यांनी स्वतःहून त्याला फोन लावला. स्पीकरवर. समोरच्या खुर्चीत मला बसवून घेतलं, धीर यावा म्हणून. त्यांनी पदर मुठीत धरला, घसा साफ केला आणि एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या, "निखिल, माझा एक आक्षेप आहे. ती ट्रॉफी त्या डावीकडच्या जाड्या मुलाला द्यायला पाहिजे. तो सगळ्यांना अडवतो. तुझा तो क्वार्टरबॅक नुसता मागे उभा असतो. काही कामाचा नाही तो."

आयुष्यात कधी कुणाला उलट न बोललेली ती बाई, मुलाने भांडावं म्हणून फोनकडे डोळे लावून बसली होती. मग निखिल, अगदी मऊ आवाजात, तिला जराही लागू नये अशा बेताने म्हणाला, "हो, आई. यू आर राइट."